टाचेला हात लावायचा नाही

दिवे गेलेत ते काही इतक्यात यायचे नाहीत. ती मेणबत्ती जरा इकडे सरकवा, म्हणजे सांगते. फक्त मधे मधे ‘असं कसं होईल’ म्हणायचं नाही. असं कसं होईल, हे मला तुमच्यापेक्षा जास्त वेळा वाटून झालेलं आहे. मी हाडांची डॉक्टर. माझा विश्वास हाडांवर. भूत, आत्मा, मागचा जन्म, पुढचा जन्म या गोष्टी कुणी काढल्या की मी सरळ उठून हात धुवायला जाते.

तर आमच्या इस्पितळात आठवड्यातला एक दिवस वाकड्या पावलांच्या बाळांचा असतो. जुन्या इमारतीच्या वरच्या मजल्यावर, लांबलचक व्हरांड्याच्या अगदी टोकाला प्लॅस्टरची खोली. तिच्यापलीकडे एक जिना आहे, तो कधीचा बंद आहे. व्हरांड्याला खिडक्या नाहीत, त्यामुळे भर दुपारीसुद्धा तिथे संध्याकाळ असते. खोलीच्या दाराबाहेर भिंतीला लावून एक लांब लाकडी बाक. आत एक टेबल, कोमट पाण्याची बादली, कापूस, प्लॅस्टरच्या गुंडाळ्या आणि ओल्या भिंतीसारखा वास. हा वास माझ्या केसांतून कधी जात नाही. नवरा म्हणतो, तू घरी आलीस की घराला नुकतीच सफेदी केल्यासारखं वाटतं.

काही बाळं पाऊल आत वळवूनच जन्माला येतात. तळवा वर, टाच आत, बोटं एकमेकांकडे तोंड करून. पण तेव्हा हाडं कुठे हाडं असतात? ओल्या मातीसारखी असतात. पाऊल येईल तितकंच हळूच बाहेर वळवायचं, तसंच धरायचं आणि बोटांपासून मांडीपर्यंत प्लॅस्टर घालायचं. आठवड्याने ते काढायचं, आणखी थोडं वळवायचं, पुन्हा प्लॅस्टर. पाच-सहा फेऱ्यांत पाऊल सरळ होतं. सगळी करामत अंगठ्याची. पावलाच्या बाहेरच्या अंगाला, घोट्याच्या जरा पुढे एक उंचवटा हाताला लागतो. अंगठा तिथे. टाचेला हात लावायचा नाही. टाच धरली की पाऊल जणू कुलूपबंद होतं, काही केल्या वळत नाही. शिकाऊ डॉक्टर पहिली चूक हीच करतात, कारण कुणाचंही पाऊल हातात घेतलं की आपला हात आपसूक टाचेकडे जातो.

प्लॅस्टर मावशी गुंडाळतात, पाऊल मी धरते. मावशी या खोलीत माझ्या आधीपासून आहेत. बुद्धाला मानणाऱ्या, कमी बोलणाऱ्या, आणि बोलल्या की एकाच वाक्यात विषय संपवणाऱ्या. ‘टाचेला हात लावायचा नाही’ हे त्या दारातून येणाऱ्या प्रत्येकाला सांगतात. एकदा पंखा दुरुस्त करायला आलेल्या माणसालाही सांगितलं होतं. तो बिचारा घाबरून दिवसभर खाली बघत काम करत होता.

अशाच एका दिवशी ती बाई आली. कपडे शिवायच्या कारखान्यात काजं-बटणं करणारी, दिवसभर सुई बघून डोळे बारीक झालेली. कुशीत एवढंसं बाळ, मुलगी. मागे सासू, ताठ, ओठ आवळलेले, जणू आम्ही सगळ्यांनी मिळून तिचं काहीतरी नुकसान केलंय. मुलीचा डावा पाय चांगलाच वळलेला होता. आणि आवाज तर असा, की पहिल्याच दिवशी मी तिचं नाव मिरची ठेवलं.

“सरळ होईल ना हो?” आईने विचारलं.

“होणार. न व्हायला काय झालंय?”

“करावं तसं भरावं लागतं,” सासू भिंतीकडे बघत म्हणाली.

“आजी, पंधरा दिवसांच्या पोरीने काय करून ठेवलंय? दूध ओकलं असेल फार तर.”

“या जन्मीचं नाही म्हणत मी.”

“मागच्या जन्माचे कागद असले तर आणा पुढच्या वेळी, वाचून बघते,” मी म्हटलं आणि मिरचीचा पाय हातात घेतला. मला त्या शब्दांची चीड आहे. माझ्या टेबलावर रोज एक तरी आई अशी येते, जिला कुणीतरी सांगितलेलं असतं की हे तुझ्या नाहीतर तुझ्या पोराच्या पापाचं फळ. प्लॅस्टर कापायची करवत तेव्हा हातात नसते हे सांगणाऱ्याचं नशीब.

पहिली फेरी छान झाली, दुसरी त्याहून छान. पाऊल लोण्यासारखं येत होतं. तिसऱ्या वेळी मावशींनी प्लॅस्टर भिजवून सोडलं, आणि आम्ही दोघी बघतच राहिलो. पाऊल पुन्हा पहिल्या दिवशी होतं तिथे. तसंच आत, तसंच वर.

प्लॅस्टर सैल पडलं असेल, निसटलं असेल, असं मी स्वतःला समजावलं आणि पुन्हा घट्ट घातलं. सासू काही बोलली नाही. तिचं न बोलणं जास्त लागलं.

त्यानंतरच्या आठवड्यात पुन्हा तेच. मात्र या वेळी सासूने बोलून टाकलं. “आता शेवटचं. आज घाला. पुढच्या वेळी असंच निघालं तर आम्ही येणार नाही. भोग आहेत ते भोगूनच संपतात, मधे कुणी आडवं आलं की वाढतात.”

मिरचीची आई खाली मान घालून उभी होती. मला कळत होतं की या बायका एकदा व्हरांड्याबाहेर गेल्या की परत येणार नाहीत. मग महिन्यांमागून महिने जातील, ओली माती सुकेल, आणि ही पोर जन्मभर पावलाच्या कडेवर चालेल. शाळेत तिला काय हाक मारतील तेही मला ठाऊक होतं.

कापून काढलेलं प्लॅस्टर मी रागारागाने उचललं, चूक कुठे झाली ते बघायला. बाहेरून स्वच्छ, गुळगुळीत, मावशींच्या हातचं. पोटात बोट घालून चाचपलं, आणि टाचेपाशी बोट एका खळग्यात गेलं. खिडकीशी नेऊन उजेडात धरलं. लांबट खळगा, टोकाला गोल. आत नखाची रेघसुद्धा उमटली होती. माझा अंगठा त्यात घालून पाहिला तर दोन्ही बाजूंनी जागा उरली.

“मावशी, टाच कुणी धरली होती?”

मावशींनी आत बघितलं. मग माझ्याकडे. “बाई, हे दाबल्याचं नाही,” त्या हळू आवाजात म्हणाल्या. “दाबलं की बाहेरून खड्डा पडतो. हा अंगठा… आत होता.”

म्हणजे प्लॅस्टर आणि बाळाची टाच यांच्या मधे. आठवडाभर.

तुम्ही काहीतरी म्हणणार होतात. नका म्हणू.

मी आईला विचारलं, घरी कुणी पायाला हात लावतं का, मालिश वगैरे? तिने मान हलवली. मग म्हणाली, “घरी नाही. इथे ते आजोबा तेवढे लावतात… बाकावरचे.”

“कोण आजोबा?”

“आम्ही आलो की बाहेर असतात ना. हातात कुबडी. फार प्रेमाने विचारतात हो. ‘काय मालक, बरं आहे ना?’ म्हणतात हिला. पोरीला मालक म्हणतात म्हणून मला हसू यायचं.”

“भोगांचं त्यांनीच सांगितलं,” सासू म्हणाली. “शहाणा माणूस आहे.”

मी दार उघडून बाहेर पाहिलं. बाक रिकामा होता. व्हरांड्यात चिटपाखरू नव्हतं. पण वास होता. माझ्या ओल्या भिंतीचा नव्हे. नुकत्याच कापलेल्या लाकडाचा, ओल्या भुशाचा. इस्पितळात ओला भुसा कुठून येणार?

आत येऊन मी बाह्या सारल्या. मिरचीला टेबलावर घेतलं, पाऊल वळवलं, अंगठा जागेवर ठेवला. मावशींनी कापूस गुंडाळला, मग गुंडाळी पाण्यात बुडवली, बुडबुडे थांबल्यावर पिळली आणि पायाभोवती फिरवायला लागल्या. एक वेढा, दुसरा, तिसरा. ओलं प्लॅस्टर मऊ असतं तोवर माझे हात ते घडवत असतात. मी ते चोपडत होते, आणि मिरची, जी एरवी छप्पर डोक्यावर घेते, ती एकाएकी गप्प झाली. माझ्या खांद्यावरून मागे कुणाकडे तरी टक लावून बघायला लागली.

भुशाचा वास खोलीत आला.

मग टाचेपाशी प्लॅस्टर वर उचललं गेलं. सावकाश. चादरीखाली कुणी गुडघा वर घ्यावा तसं. एक लांबट उंचवटा आला, त्याच्या बाजूला दुसरा, तिसरा, अशी अख्खी मूठ प्लॅस्टरखाली टाचेवर बसली आणि पाऊल आत खेचायला लागली. माझ्या अंगठ्याखालून ते सरकत असलेलं मला जाणवत होतं. जोर करावा तर बाळाचा पाय. सोडावा तर गेलाच. हात गारठले, अगदी कोपरापर्यंत.

“बाई…” मावशी कुजबुजल्या. “सोडू नका.”

“सोडतेय कशाला!” मी ओरडले. कुणावर ते मलाच ठाऊक नव्हतं. “ए, कोण आहेस तू? टाच सोड! आधी टाच सोड!”

मिरचीची आई भिंतीला चिकटली. सासूचे आवळलेले ओठ पहिल्यांदाच उघडे पडले. आणि प्लॅस्टर घट्ट व्हायला लागलं. घट्ट होताना ते गरम होतं, हे तुम्ही पाहिलं असेल. बाळं त्या उबेने झोपतातसुद्धा. हे गरम झालं नाही. गार पडत पडत दगड झालं, आणि पाऊल पुन्हा आत.

मी ते तिथल्या तिथे कापून फाडून काढलं. मिरचीने सुटल्यासारखं भोकाड पसरलं, तेव्हा कुठे मला श्वास आला. दोघींना म्हटलं, बाळाला घेऊन खाली जा, चहा घ्या, मी बोलावल्याशिवाय वर यायचं नाही. सासू सुनेच्याही पुढे निघाली.

मावशी भांबावून बादलीपाशी उभ्या होत्या. “बाई, आमच्यात सांगतात, मनात आणून करतो तेच कर्म. पोरीचा पाय वाकडा आहे, ते कर्म नव्हे. तो वाकडाच राहावा म्हणून जो खेचतोय, त्याचं ते कर्म.”

“त्यालाच सांगते,” मी म्हटलं आणि दार उघडलं.

जेवणाची वेळ होती. रोगी, नातेवाईक, शिपाई, सगळे पांगलेले. व्हरांड्यात दूरच्या टोकाला एक दिवा मिचमिचत होता. बाकावर तो बसला होता.

साधा म्हातारा. धुवट सदरा, कुबडी मांडीला टेकवलेली. डावा पाय गुडघ्याखाली आत वळून जुळलेला. हाड मोडल्यावर नीट बसवलं नाही की जुळतं तसं. बसण्यात कुठे चुकीचं काही नव्हतं. फक्त मी इतकी जवळ उभी असूनही त्याच्या श्वासाची हालचाल दिसत नव्हती.

खोटं कशाला बोलू, मी घाबरले होते. पण राग भीतीच्या पुढे धावत होता.

“मुलीच्या पायाला हात का लावता?”

“मुलगी नाही ती, बाई.” आवाज अगदी मऊ. “आमचे मालक आहेत. फार हिंडलो तेव्हा सापडले. एवढेसे झालेत… पण ओळखू येतात.”

“कसले मालक?”

“वखारीचे. लाकडाच्या.” तो आपल्या पायाकडे बघायला लागला. “ओंडके उचलायची साखळी झिजली होती. सांगितलं होतं मी, मालक, ही तुटेल. म्हणाले, बघू. तुटली. ओंडका पायावर आला. वैदूने टाच धरून पिळला, आणि असा बसवला.”

“आणि मालक?”

“आले ना बघायला. फळं घेऊन आले होते. उशाशी बसले.” त्याने मान वर केली. “म्हणाले, वाईट वाटून घेऊ नकोस. मागच्या जन्मी कुणाचा तरी पाय मोडला असशील. भोगून टाक, मोकळा होशील. मग मी भोगला, बाई. मरेपर्यंत कुबडीवर भोगला. रोज विचार करायचो, कुणाचा पाय मोडला असेल मी… कुणाचा असेल… चेहरा आठवायचा प्रयत्न करायचो. आता मालकांची पाळी. नियमच आहे तो. मी फक्त नियमाप्रमाणे धरतो.”

मला त्याची दया आली, आणि त्याच क्षणी संतापही. दोन्ही एकदम येतात तेव्हा माझं तोंड सुटतं.

“आजोबा, तुमचा पाय मागच्या जन्माने मोडला नाही. साखळीने मोडला. आणि साखळी मागच्या जन्मी झिजली नव्हती, याच जन्मी झिजली होती, तुम्ही सांगितलं होतं, त्याने ऐकलं नव्हतं. तुमचं काही चुकलं नव्हतं. कळतंय? काहीही चुकलं नव्हतं! ज्याचं चुकलं तो उशाशी बसून फळं ठेवत होता आणि स्वतःचं पाप तुमच्या मागच्या जन्मावर ढकलत होता. आणि तुम्ही ते खरं मानून बसलात!”

तो हलला नाही. दिवा मिचमिचायचा थांबला.

“आणि आता तुम्ही काय करताय? तेच. ज्या वाक्याने तुम्हाला जन्मभर कुबडीला बांधलं, तेच वाक्य या पोरीच्या आजीच्या कानात सांगताय. मालक तिच्यात आहे की नाही मला ठाऊक नाही. तुमच्यात मात्र तो पुरता आलाय.”

“मग न्याय…?” तो म्हणाला. अगदी बारीक आवाजात.

“नाही मिळाला. तुमच्यावर अन्याय झाला आणि न्याय मिळाला नाही. हे मी तुम्हाला तोंडावर सांगते, कारण बाकी सगळ्यांनी काहीबाही सांगून फसवलंय. पण ज्याला गुन्हा आठवत नाही त्याला शिक्षा करणं म्हणजे झोपलेल्याच्या थोबाडीत मारणं. त्याला काय कळणार? तो रडणार आणि पुन्हा झोपणार. आणि खरंच वर कुणी हे सगळं मांडून बसला असेल, तर त्याला माझा निरोप द्या. या खोलीत त्याचं चालत नाही. इथे आलेला पाय मी सरळ करते. कुणाचाही असो.”

कुबडीवर बोटं फिरवत त्याने विचारलं, “कुणाचाही?”

शब्द तोंडातून गेला होता, आणि दिलेला शब्द फिरवायची मला सवय नाही.

“या आत,” मी म्हटलं.

जुना जुळलेला पाय प्लॅस्टरने सरळ होत नाही, हे पहिल्या वर्षाच्या पोरालाही ठाऊक असतं. मेलेल्याच्या हाडांचं काय होतं, ते मात्र कुठल्या वर्षाला शिकवलेलं मला आठवत नाही. तो टेबलावर बसला. टेबल करकरलं नाही. मी मावशींकडे पाहिलं. त्यांना तो दिसत होता की नाही, मी आजतागायत विचारलेलं नाही. त्यांनी मुकाट्याने मोठ्या गुंडाळ्या काढल्या, पाण्यात सोडल्या, आणि मी जिथे हात धरला तिथे वेढे घ्यायला सुरुवात केली.

हात लावला तो क्षण सांगता येत नाही. विहिरीच्या तळाशी हात घालावा तसं काहीतरी. वजन होतं, पण ते हाताला लागत नव्हतं, छातीवर येत होतं. वाकडं हाड बोटांखाली स्पष्ट कळत होतं. मी अंगठा जागेवर ठेवला आणि वळवायला लागले. म्हटलं, दुखलं तर सांगा. तो म्हणाला, “असं कुणी विचारलंच नव्हतं, बाई.”

हाड हललं. देवाशपथ सांगते, आणि देव मानत नसले तरी सांगते, हललं. प्लॅस्टर सुकायला नेहमीच्या कितीतरी पट वेळ लागला आणि जराही गरम झालं नाही. माझ्याच अंगातली ऊब ते ओढून घेत होतं. दातांवर दात आपटत होते, तरी मी धरून राहिले. सोडला असता तर वाकडाच बसला असता. काम अर्धवट सोडलेलं मला खपत नाही, समोर कोण आहे त्याने काय फरक पडतो?

“टाच…” तो मधेच म्हणाला. “तुम्ही टाच धरली नाहीत.”

“टाचेला हात लावायचा नाही,” मावशी म्हणाल्या. त्या कुणाला म्हणाल्या, कोण जाणे.

प्लॅस्टर बसलं तेव्हा तो उतरला, दारापर्यंत गेला आणि थांबला. त्याने प्लॅस्टर घातलेल्या पायाकडे एकदा बघितलं. मग त्याच पायावर भार देत तो बाहेर पडला. कुबडी टेबलाला टेकून राहिली होती. मी ती द्यायला मागे गेले तर व्हरांडा रिकामा, आणि परत आले तर कुबडीही नव्हती.

त्यानंतर मी मिरचीला वर बोलावलं आणि प्लॅस्टर घातलं. घालताना ती इतकी किंचाळली की खालच्या मजल्यावरून परिचारिका बघायला आली. प्लॅस्टर हाताखाली गरम झालं. मी गालावर हात ठेवून ती ऊब घेतली आणि मला रडू आलं. मावशींनी दुसरीकडे बघितल्यासारखं केलं.

पुढच्या आठवड्यात पाऊल जिथे ठेवलं होतं तिथेच निघालं. त्यापुढच्या आठवड्यात आणखी बाहेर. मी प्रत्येक प्लॅस्टरच्या पोटात बोट फिरवून बघायचे. आत खळगा नाही. बाहेरून एकच, माझ्या अंगठ्याचा, योग्य जागी. शेवटचं प्लॅस्टर सुटलं आणि दोन्ही तळवे शेजारी शेजारी टेबलावर टेकले, तेव्हा मिरचीच्या आईने पोरीचा डावा पाय उचलून असा काही गालाला लावला की मला खिडकीबाहेर बघावं लागलं.

“पुण्य होतं तिचं,” सासू म्हणाली. आवाजात ताठा नव्हता.

“पुण्य नाही, आजी. प्लॅस्टर.”

सासू पहिल्यांदा हसली. जाताना तिने बाकाकडे पाहिलं आणि पदर सावरून लगबगीने पुढे निघून गेली.

तुम्हाला वाटेल, इथे संपलं. मलाही तसंच वाटलं होतं.

त्यानंतरच्या वाकड्या पावलांच्या दिवशी मी नेहमीसारखी सकाळी पोचले. आया बाळांना घेऊन व्हरांड्यात उभ्या होत्या. झाडून सगळ्या उभ्या.

“बसत का नाही?” मी विचारलं.

“जागा कुठेय…” एक जण म्हणाली, आणि म्हणता म्हणता स्वतःच गोंधळली, कारण बाक तिला रिकामा दिसत होता.

मला तो रिकामा दिसत नव्हता. या टोकापासून त्या टोकापर्यंत माणसं बसली होती, खेटून. एका बाईच्या मानेला दोराचा वळ होता. एक तरुण पोरगा, भाजलेला. एक म्हातारी, जिची दोन्ही मनगटं उलटी जुळलेली. बाक संपल्यावर भिंतीला टेकून आणखी, बंद जिन्याच्या पायऱ्यांवर आणखी. प्रत्येकाची नजर समोरच्या एकेका बाळावर खिळलेली. कुणीतरी त्यांना सांगितलं होतं, की इथे एक बाई बघते. कुणाचाही पाय असो.

मावशी पाण्याची बादली घेऊन आल्या आणि बाकापाशी कुणाच्या तरी पसरलेल्या पायांना वळसा घातल्यासारख्या बाजूने गेल्या.

मी कमरेवर हात ठेवून उभी राहिले. आयांना वाटलं असतं, मी त्यांच्याशीच बोलतेय, म्हणून आवाज चढवला नाही.

“बाळांना हात लावाल तर याद राखा,” मी म्हटलं. “आधी ही बाळं. ती संपली की तुम्ही. एकेकाने यायचं, ढकलाढकली करायची नाही. जे झालं ते ऐकून घेईन, जे मोडलंय ते बसवेन. नियम-बियम सांगायचे नाहीत.”

एकेक करून त्यांनी बाळांवरून नजर काढली. खरंच काढली. बाईने मान खाली घातली, पोरगा भिंतीकडे वळला. मला बरं वाटलं. खोटं कशाला, अभिमानसुद्धा वाटला.

मग जिन्याच्या सगळ्यात वरच्या पायरीवर बसलेला एक माणूस दिसला. मध्यम वयाचा, शांत. याला मी आयुष्यात कधी पाहिलेलं नव्हतं. याने बाळांकडे पाहिलंच नव्हतं. मी आल्यापासून तो माझ्याकडेच बघत होता. चेहऱ्याकडे नव्हे, हातांकडे. त्याचे पाय सरळ होते, मान सरळ, कुठे जखम नाही, भाजलेलं नाही. मी त्याच्याकडे बघतेय हे कळताच तो ओळखीचं हसला आणि मांडीवरचे हात उचलून मला दाखवले.

दोन्ही हातांना अंगठे नव्हते. बाकीच्यांना आपापलं बाळ सापडलं होतं, याला मी.

“तुमचा नंबर शेवटी,” मी त्याला म्हटलं.

त्याने समजूतदारपणे मान हलवली आणि हात पुन्हा मांडीवर ठेवले. मी आत गेले, गरम पाण्याने हात धुतले, आणि पहिल्या बाळाला आत घ्यायला सांगितलं.